वीस शेकेल चांदी : योसेफाची गोष्ट आणि आजची गुलामगिरी

मार्च २०२५मध्ये भारतीय हवाई दलाच्या विमानांनी पाचशेहून अधिक भारतीयांना थायलंडमार्गे मायदेशी आणले. म्यानमारच्या सीमेवरच्या बंदिस्त वसाहतींमध्ये त्यांच्याकडून दिवसरात्र ऑनलाइन फसवणुकीचे काम करून घेतले जात होते. चांगल्या नोकरीचे आमिष दाखवून त्यांना तिकडे नेले होते. ही बातमी आली तेव्हा आमच्या घरात एका वडीलधाऱ्यांनी वर्तमानपत्र खाली ठेवत विचारले, "शिकलेली पोरं. आपल्या पायांनी विमानात चढली. मग यांना गुलाम कसं म्हणायचं? आणि गेलीच कशाला?"

त्या दोन प्रश्नांपैकी दुसरा मला जास्त टोचला. तो फार जुना प्रश्न आहे. पवित्र शास्त्रातल्या, म्हणजे बायबलमधल्या, योसेफाबद्दलही लोक तोच विचारतात. संडे स्कूलमध्ये आम्ही योसेफाचा झगा सात रंगांच्या खडूंनी रंगवायचो. पण उत्पत्तीच्या पुस्तकातला ३७ ते ५० या अध्यायांचा भाग मोठेपणी सलग वाचला, तर ती रंगीत झग्याची गोष्ट उरत नाही. भावांनीच विकलेल्या सतरा वर्षांच्या मुलाची ती हकीकत आहे, आणि क्षमेबद्दल आपण सहसा जे बोलतो त्यापेक्षा ती बरेच वेगळे सांगते.

बेड्या नसल्या तरी गुलाम?

पूर्वी माणूस कायद्याने दुसऱ्याच्या मालकीचा असू शकत असे. आता अशी मालकी कायद्याला मान्य नाही. म्हणून 'आधुनिक गुलामगिरी' ओळखायची तर मालकीचा कागद शोधून उपयोग नाही. धमकी, मारहाण, फसवणूक किंवा कर्जामुळे माणसाला जिथून निघूनच जाता येत नाही, ती स्थिती म्हणजे आधुनिक गुलामगिरी. भाड्याची खोली आणि कोंडून ठेवलेली खोली, दोन्हींच्या भिंती सारख्याच असतात. कडी आतून आहे की बाहेरून, एवढेच पाहायचे.

आंतरराष्ट्रीय कामगार संघटना आणि तिच्या सहकारी संस्थांनी २०२१ सालासाठी केलेल्या अंदाजानुसार जगात ४ कोटी ९६ लाख लोक अशा कडीमागे होते. त्यांतले २ कोटी ७६ लाख सक्तीच्या कामात आणि २ कोटी २० लाख सक्तीच्या लग्नात. लग्नाचा आकडा बघून पुष्कळ जण चमकतात. घरातल्या माणसांनी लावून दिलेले लग्नही यात मोजले जाऊ शकते हे आपल्या डोक्यात येत नाही.

माणसाला तिथवर पोचवण्याचा जो धंदा आहे त्याला 'मानवी तस्करी' म्हणतात. संयुक्त राष्ट्रांच्या २००० सालच्या करारात तिची ओळख तीन गोष्टींवरून पटवली आहे. काय केले (नेले, ठेवले, सोपवले), कसे केले (जबरदस्ती, फसवणूक, लाचारीचा फायदा) आणि कशासाठी केले (शोषणासाठी). मूल अठरा वर्षांखालचे असेल तर 'कसे' हा प्रश्न विचारायचाच नाही. ते हसत गेले असले तरी तस्करीच. आपल्या भारतीय न्याय संहितेचे कलम १४३ याच धर्तीवर आहे, आणि पीडिताची संमती होती की नव्हती याला तिथे किंमत नाही. म्हणजे विमानात कोण आपल्या पायांनी चढले, हा मुद्दा कायद्याने निकालात काढला आहे.

आडात भाऊ, काठावर भाकर

आता गोष्ट. याकोबाला बारा मुलगे. योसेफ अकरावा, म्हातारपणचा आणि लाडका. बापाने त्याला पायघोळ झगा शिवला. माझा असा समज आहे की भांडणाचे मूळ रंगात नसून त्या पायघोळपणात आहे. घोट्यापर्यंत लोळणारे कपडे घालून कुणी मेंढरे वळत नाही. दहा भाऊ उन्हात आणि एक सावलीत, हे बापाने कपड्यातूनच जाहीर केले. त्यात योसेफ भावांच्या चहाड्या करी आणि 'तुमच्या पेंढ्या माझ्या पेंढीला नमन करत होत्या' अशी स्वप्ने सगळ्यांना सांगे.

एक दिवस बापाने त्याला हेब्रोनहून शखेमला, भावांची खबर घ्यायला पाठवले. भाऊ पुढे दोथानला गेले होते. तिथे त्यांनी त्याला पकडले, झगा ओरबाडला आणि कोरड्या आडात टाकले. थोरला रऊबेन 'जीव घेऊ नका' म्हणाला आणि त्याला नंतर गुपचूप वर काढायच्या विचारात होता, पण त्याला आडात टाकण्याला उघड विरोध त्याने केला नाही. मग पुढचे वाक्य येते : ते भाकर खायला बसले.

जेवता जेवता त्यांना गिलादहून मिसरला (इजिप्तला) मसाले आणि डिंक घेऊन निघालेला इश्माएली व्यापाऱ्यांचा तांडा दिसला. यहूदा म्हणाला, भावाला मारून आपल्याला काय फायदा? त्यापेक्षा विकू या. आणि वर म्हणाला, काही झाले तरी तो आपल्याच रक्तामांसाचा आहे! वीस शेकेल चांदीला सौदा झाला. शेकेल म्हणजे सुमारे अकरा ग्रॅम, म्हणजे सगळी मिळून पाव किलोसुद्धा नाही. लेवीय पुस्तकात पाच ते वीस वर्षांच्या मुलाचे नवसासाठीचे मोल नेमके एवढेच लावले आहे, तेव्हा हा त्या काळचा बाजारभावच असावा.

वरची तीन कलमे लावून पाहा. काय केले? पकडून सोपवले. कसे? जबरदस्तीने. कशासाठी? गुलाम म्हणून राबवायला. एकही रकाना रिकामा राहत नाही. पुढे तुरुंगात योसेफ स्वतःच्या तोंडाने सांगतो, 'मला इब्री (हिब्रू) लोकांच्या देशातून चोरून आणले.' आणि मोशेच्या नियमशास्त्रात माणूस चोरून विकणाऱ्याला, किंवा चोरलेला माणूस ज्याच्या हाती सापडेल त्याला, थेट देहान्ताची शिक्षा आहे (निर्गम २१:१६).

पण तोही चहाडखोर होताच ना?

होता. बापाचे चुकले का? चुकलेच. पण शास्त्र हे दोन्ही दोष मोकळेपणी सांगते आणि तरीही सौद्याचे खापर त्यांच्यावर फोडत नाही. 'गेलीच कशाला' या प्रश्नाचे उत्तर मला तिथे मिळाले. मूर्खपणा, लोभ, भोळेपणा या गोष्टी माणसाला अडचणीत आणतात. विकायला मात्र विकणारा लागतो.

तो बहुतेक वेळा ओळखीतला असतो. अनोळखी माणसाच्या मागे कोण जाईल? शेजारची मावशी, गावचा मुकादम, लग्न जमवणारा काका, परदेशात 'सेट' झालेला मित्र. योसेफही बापाच्या शब्दावर, भावांकडे निघाला होता.

इथे आपल्याकडचे एक उदाहरण देतो, पण सावधपणे. २०२२मध्ये नाशिक जिल्ह्याच्या इगतपुरी तालुक्यात कातकरी कुटुंबांतली लहान मुले काही हजार रुपये आणि एखाद्या मेंढीच्या बदल्यात मेंढपाळांकडे राबायला ठेवल्याचे उघड झाले. एक मुलगी दगावल्यावर ते बाहेर आले. मेंढ्या आणि किरकोळ रक्कम वाचून दोथान आठवतेच. तरीपण ते आईबाप म्हणजे योसेफाचे भाऊ नव्हेत. भावांच्या घरी भाकर होती. कातकऱ्याच्या झोपडीत ती नसते, जमीन नसते, आणि पुष्कळदा उचल आधीच अंगावर असते. दोन्हीकडे मुलाचे नुकसान तेवढेच. दोष मात्र सारखा वाटता येत नाही, आणि अशा प्रकरणात नुसत्या आईबापांना आत टाकून हात झटकणारी यंत्रणा मला रऊबेनासारखी वाटते.

चांगल्या मालकाचा गुलाम

मिसरमध्ये पोटीफर नावाच्या अधिकाऱ्याने योसेफाला विकत घेतले. पुढे सगळे घर त्याच्या हाती दिले. आपण म्हणू, चला, नशीब उघडले. पण मालकिणीने त्याच्यावर बळजबरीचा खोटा आळ घेतला, तेव्हा त्याची बाजू कुणी विचारलीसुद्धा नाही, सरळ तुरुंगात टाकले. कडी बाहेरूनच होती, फक्त खोली ऐसपैस होती. घरकामाला आणलेल्या पोरीबद्दल 'आम्ही तिला मुलीसारखंच वागवतो' असे कुणी सांगितले की मला पोटीफर आठवतो. मुलगी रुसून माहेरी जाऊ शकते. हिला जाता येते का?

तुरुंगात त्याने राजाच्या प्यालेबरदाराला मदत केली. तो सुटला आणि याला विसरला. दोन वर्षे. मग फारोच्या, म्हणजे मिसरच्या राजाच्या, स्वप्नाचा अर्थ सांगून योसेफ अधिकारपदावर आला तेव्हा तीस वर्षांचा होता. म्हणजे तेरा वर्षे गेली. राजाने त्याला नवे मिसरी नाव दिले. थोरल्या मुलाचे नाव त्याने मनश्शे ठेवले, कारण 'देवाने मला माझे कष्ट आणि माझ्या बापाचे सारे घर विसरायला लावले.' पोराला हाक मारताना रोज 'विसरलो, विसरलो' म्हणायचे. तो काही विसरलेला नाही, हे दुष्काळ पडल्यावर कळते.

माफ केले, पण केव्हा?

दुष्काळात धान्य घ्यायला दहा भाऊ मिसरला आले. त्यांनी योसेफाला ओळखले नाही, त्याने त्यांना ओळखले. इथून पुढचे तीन अध्याय उपदेशांत बहुधा घाईत उरकले जातात, थेट गळाभेटीवर यायचे असते म्हणून. खरी गंमत याच अध्यायांत आहे.

योसेफ लगेच रडून मिठी मारत नाही. तुम्ही हेर आहात म्हणतो, तीन दिवस कोठडीत ठेवतो, शिमोनाला अडकवून घेतो आणि घरी राहिलेला धाकटा भाऊ बन्यामीन आणल्याशिवाय तोंड दाखवू नका म्हणतो. तेव्हा भाऊ आपसात, आपल्या भाषेत बोलतात : तो आपल्याला विनवत होता, त्याच्या जिवाची तडफड आपण पाहिली आणि ऐकले नाही. सदतिसाव्या अध्यायात आडातला योसेफ मुका आहे. तो ओरडत होता हे वाचकाला पहिल्यांदा इथे कळते, सुमारे वीस वर्षांनी, आणि गुन्हेगारांच्या तोंडून. मध्ये दुभाषी असल्याने त्यांना वाटते याला कळत नाही. योसेफ बाजूला जाऊन रडतो. आणि तरीही ओळख देत नाही.

पुढच्या खेपेला बन्यामीन येतो. योसेफ त्याच्या गोणीत चांदीचा प्याला लपवून ठेवायला लावतो आणि चोरीचा आळ आणून म्हणतो, हा एकटा माझा दास होऊन राहील, बाकीचे सुखाने बापाकडे जा. दोथानचाच देखावा त्याने पुन्हा मांडला. बापाचा लाडका पोरगा मिसरमध्ये गुलामीत सोडून घरी जायची मुभा आहे. या वेळी तर दोषही अंगावर येणार नाही.

आणि पुढे येतो यहूदा, 'काय फायदा' म्हणणारा तोच यहूदा. तो म्हणतो, या पोराच्या बदल्यात मला गुलाम करून घ्या, त्याला जाऊ द्या. बाराव्या शतकातले ज्यू धर्मशास्त्री मायमोनिडीस यांनी पश्चात्तापाची कसोटी अशी सांगितली आहे : तोच प्रसंग पुन्हा समोर यावा, तेच करणे हातात असावे, आणि माणसाने ते करू नये. यहूदाचे भाषण संपल्यावरच योसेफाचा बांध फुटतो. तेव्हाही त्याच्या तोंडून निघते, 'तुम्ही ज्याला मिसरमध्ये विकले तो मी तुमचा भाऊ योसेफ.' विकले हा शब्द तो गिळत नाही.

ही परीक्षा म्हणजे सूडच नव्हे का?

थोडासा असेलही. म्हाताऱ्या याकोबाला त्यात विनाकारण पोळावे लागले, हे नाकारता येत नाही. पण क्षमा आणि भरवसा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि आपण त्यांची गल्लत करतो. ठेवी बुडवणाऱ्या पतसंस्थेच्या चेअरमनवरचा राग कालांतराने ओसरू शकतो. म्हणून कुणी पुन्हा तिथे एफडी करत नाही. योसेफाला राग सोडायला कुणाची परवानगी नको होती. बन्यामीन त्यांच्याजवळ सुरक्षित आहे का, हे मात्र पाहायलाच हवे होते.

सुटून आलेल्या मुलीला 'झालं गेलं विसर, तुझीच माणसं आहेत' म्हणत त्याच घरी पोचवणाऱ्यांनी हे तीन अध्याय वाचावेत. तिला ज्याने पाठवले तो अजून त्याच ओट्यावर बसलेला असतो.

'देवाने चांगल्यासाठीच योजले' म्हणजे वाईट चांगले झाले?

या गोष्टीतले सर्वाधिक वापरले जाणारे, आणि मला वाटते सर्वाधिक गैरवापरले जाणारे वाक्य शेवटच्या अध्यायात आहे : तुम्ही माझ्याविरुद्ध वाईट योजले, पण देवाने ते चांगल्यासाठी योजले. नीट पाहा, 'तुम्ही वाईट योजले' हा अर्धा भाग तसाच उभा आहे. दुसऱ्या अर्ध्याने तो पुसलेला नाही. शिवाय हे वाक्य योसेफ बोलतो, भाऊ नाही. ज्याने सोसले त्याला मागे वळून आपल्या आयुष्याचा असा अर्थ लावण्याचा हक्क आहे. तो अर्थ बाहेरच्याने, तोही चर्चच्या मंडळीत उभे राहून, त्याच्या हातात कोंबायचा नसतो.

आणखी एक. याच अध्यायात भाऊ स्पष्ट शब्दांत क्षमा मागतात, पण 'मी तुम्हांला क्षमा करतो' असे योसेफ म्हणतच नाही. तो रडतो आणि म्हणतो, भिऊ नका, मी काय देवाच्या ठिकाणी आहे? मी तुम्हांला आणि तुमच्या लेकरांना पोशीन. कुरआनातल्या बाराव्या सूरहमध्ये, सूरह यूसुफमध्येही, यूसुफ म्हणतो की आज तुमच्यावर दोषारोप नाही, अल्लाह तुम्हांला क्षमा करो. दोन्ही ग्रंथांत निवाड्याची खुर्ची तो रिकामी सोडतो.

आपल्या कायद्यातही त्या खुर्चीवर पीडित बसत नाही. तस्करीचा खटला पीडित नव्हे, सरकार चालवते. मुलीने काकाला मनातून माफ केले तरी खटला चालतो, आणि तसाच चालला पाहिजे. म्हणजे 'केस मागे घे' हा घरच्यांचा दबाव तिच्यावर येण्याचे कारणच उरायला नको.

गुलामाने गुलाम केले

सत्तेचाळिसावा अध्याय संडे स्कूलमध्ये शिकवत नाहीत. दुष्काळ लांबला. योसेफाने राजाच्या कोठारातले धान्य लोकांना विकले. आधी त्यांचा पैसा संपला, मग गुरेढोरे गेली. पुढल्या वर्षी ते म्हणाले, आता आमच्याजवळ शरीर आणि जमीन एवढेच उरले आहे, तेच घ्या आणि दाणे द्या. योसेफाने ते घेतले. याजकांची सोडून साऱ्या मिसरची जमीन फारोची झाली, लोक त्याचे दास झाले आणि पिकाचा पाचवा हिस्सा कायमचा त्याला ठरला.

वेठबिगारीची रीत याहून सोपी करून सांगता येणार नाही. अडचण, उसने, तारण आणि शेवटी माणूसच तारण. वीटभट्टी, कोळशाची भट्टी, उसाचा फड इथल्या उचलीचे गणित याच पायऱ्यांनी चढत जाते. प्रत्येक उचल म्हणजे गुलामी नव्हे. पण हंगाम संपूनही हिशेब फिटत नाही आणि दुसरीकडे कामाला जायची बंदी येते, तेव्हा ती वेठबिगारीच.

मग योसेफ वाईट का? त्याने लोकांना जगवले हेही खरे, ते स्वतःच तसे म्हणतात. पण ज्याने सोसले तो आपोआप दुसऱ्याला सोडवणारा होतो, हा आपला आवडता समज इथे कोलमडतो. आणि निर्गमाच्या, म्हणजे लगेच पुढच्या पुस्तकाच्या, पहिल्याच पानावर योसेफाला न ओळखणारा नवा राजा येतो आणि त्याच्याच भाऊबंदांना विटा थापायला लावतो. दुष्काळात माणसांची खरेदी सोपी होते, हे पंडिता रमाबाईंना पक्के ठाऊक होते. १८९६-९७च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि दलालांच्या हाती लागण्याआधी मुली गोळा करून घेऊन आल्या. पुढे याच बाईंनी मूळ हिब्रू-ग्रीकवरून पवित्र शास्त्र मराठीत आणले.

शास्त्रात तर गुलामगिरीला परवानगी आहे!

आहे. लेवीय २५मध्ये परदेशी गुलाम वारसाहक्काने मुलांना देण्याचीही मुभा आहे. अमेरिकेतल्या गुलामांच्या मालकांनी हीच वचने तोंडपाठ केली होती. यावर सारवासारव करणारे मला पटत नाहीत.

पण त्याच ग्रंथात दुसरा आवाजही आहे. पळून आलेल्या गुलामाला मालकाच्या हाती देऊ नका (अनुवाद या पुस्तकाचा २३वा अध्याय). इब्री दासाला सातव्या वर्षी सोडा आणि रिकाम्या हाताने पाठवू नका, मेंढरे, धान्य, द्राक्षारस देऊन पाठवा, कारण तुम्ही मिसरमध्ये दास होता (अनुवाद १५). आमोस संदेष्टा तर गरिबाला जोड्याच्या किमतीत विकणाऱ्यांना झोडपून काढतो.

'रिकाम्या हाताने पाठवू नका' हे मला सगळ्यांत व्यवहारी वाटते. नुसते दार उघडले तर माणूस पोटासाठी परत त्याच भट्टीवर जातो. आपला १९७६चा वेठबिगारी निर्मूलन कायदा म्हणूनच सुटकेबरोबर कर्जही रद्द करतो. हे कर्ज वेठबिगारीचे नव्हते, हे सिद्ध करणे सावकाराच्या गळ्यात आहे. केंद्राच्या २०१६च्या योजनेत सुटलेल्या पुरुषाला १ लाख, स्त्रिया आणि मुलांना २ लाख, तर अतिशय अमानुष प्रकरणांत ३ लाख रुपयांची तरतूद आहे. लहान मूल असे कुठे दिसले तर १०९८ हा नंबर आहे. रऊबेनासारखे नंतर बघू म्हणू नये.

शेवटी ते भाऊ

याकोब मिसरमध्ये सतरा वर्षे जगला. तो वारल्यावर भाऊ पुन्हा घाबरले : आता योसेफ उट्टे काढील. म्हणून बापाच्या नावाने निरोप धाडला, की मरताना बाबा म्हणाले होते, भावांना माफ कर. बाप तसे म्हणाल्याचे शास्त्रात आधी कुठेही नाही. विकल्याला एकोणचाळीस वर्षे झाली होती, सतरा वर्षे त्याच्या हातचे खात होते, आणि तरी त्यांना खरे वाटत नव्हते. निरोप ऐकून योसेफ रडला.

तो एकशे दहा वर्षांचा होऊन वारला. त्याआधी त्याने भाऊबंदांकडून शपथ घेतली, की देव तुम्हांला या देशातून बाहेर नेईल तेव्हा माझी हाडे इथे ठेवू नका. पुढे मोशेने ती बरोबर घेतली. यहोशवाच्या पुस्तकाच्या शेवटी ती पुरल्याची नोंद आहे. जागा शखेम. सतरा वर्षांचा असताना, भाऊ बरे आहेत का पाहायला, बापाने त्याला तिथेच धाडले होते.